बत्तीस हजार चारशे पन्नासांपैकी एक : आरंभीच्या अमेरिकन मसल कारच्या जन्मनोंदींचा शोध

१९६४ या मॉडेल-वर्षात पॉन्टियाक कंपनीच्या ३२,४५० जीटीओ गाड्या निघाल्या. त्यांत दोन खिडक्यांच्या मध्ये खांब असलेल्या कूपे ७,३८४, खांब नसलेल्या हार्डटॉप १८,४२२ आणि कापडी छताच्या कन्व्हर्टिबल ६,६४४. बेरीज चोख जुळते. पण आज साठ वर्षांनी यांपैकी एखादी गाडी समोर उभी करून ‘ही त्या ३२,४५० मधलीच का?’ असे विचारले, तर तिच्या चासी नंबरावरून उत्तर मिळत नाही. ज्या गाडीपासून अमेरिकेत मसल कारचे युग सुरू झाले असे बहुतेक अभ्यासक मानतात, तिच्या नंबरात तिचे नावच नाही.

याचे कारण सोपे आहे. १९६४ साली कंपनीच्या दप्तरी जीटीओ नावाचे स्वतंत्र मॉडेल नव्हते. ‘ल मान्स’ नावाच्या मध्यम आकाराच्या गाडीवर सुमारे २९५ डॉलर जादा मोजून घ्यायची ती एक जोडणी होती : मोठे इंजिन, कडक स्प्रिंगा, दुहेरी एक्झॉस्ट, बॉनेटवर हवेच्या झडपांचा नुसता देखावा आणि बिल्ले. त्यामुळे साध्या ल मान्सचे इंजिन बदलून आणि बिल्ले लावून ती जीटीओ म्हणून विकता येते, आणि विकलीही जाते. दोहोंच्या किमतींत मोठे अंतर असते. म्हणून ‘ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा काय होती?’ हा प्रश्न हौशी लोकांच्या गप्पांपुरता राहत नाही. कुणाच्या तरी आयुष्यभराच्या शिलकीचा तो प्रश्न असतो. त्याचे उत्तर कसे शोधतात, पुरावा कोणता धरतात आणि कोणता सोडतात, हे या लेखात मांडायचे आहे.

मी इतिहासाचा किंवा यंत्रशास्त्राचा पदवीधर नाही. कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत तपासणी विभागात माझी सत्तावीस वर्षे गेली. ओतलेल्या तुकड्यावरचा पॅटर्न नंबर, हीट नंबर आणि तारीख वाचायची, रजिस्टरशी ताडायची आणि माल पास किंवा नापास करायचा, हे रोजचे काम. रद्दीत मिळालेले एक जुने अमेरिकन दुरुस्ती-पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून वाचताना लक्षात आले, की डेट्रॉइटच्या लोखंडावरही आमच्यासारख्याच खुणा आहेत. तिथून हा नाद लागला. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ साली सुरू झाला होता, पण १९५४ मध्ये तो बंद झाला. मसल कारचा जमाना त्यानंतर दहा वर्षांनी आला. त्यामुळे माझा अभ्यास हा प्रामुख्याने कागदांच्या प्रती, कारखान्याची पुस्तके आणि छायाचित्रे यांवर झालेला आहे. जन्मनोंदीच्या कामात मात्र हे फारसे आड येत नाही. तिथे गाडी चालवावी लागत नाही, वाचावी लागते.

बंदी आणि पळवाट

मोठे इंजिन हलक्या गाडीत बसवण्याची कल्पना १९६४ ची नव्हे. १९४९ साली ओल्ड्समोबिलने ‘रॉकेट ८८’ मध्ये तेच केले होते. १९५५ ची क्रायस्लर ‘सी-३००’ तीनशे अश्वशक्तीची होती, आणि तिच्या अवघ्या १,७२५ गाड्या निघाल्या. पण या गाड्या एकतर महाग होत्या किंवा प्रौढ गिऱ्हाइकासाठी होत्या. युद्धानंतर जन्मलेली पिढी १९६४ च्या सुमारास वाहन परवान्याच्या वयाला पोहोचली. तिला परवडेल अशी वेगवान गाडी कुणीतरी द्यायला हवी होती.

नेमके याच वेळी जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना शर्यतीपासून दूर राहण्याचा हुकूम दिला. हा जानेवारी १९६३ चा निर्णय. पॉन्टियाकची सगळी जाहिरात शर्यतीतल्या यशावर उभी होती. त्यात दुसरा एक नियम होता : मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.४ लिटरपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही.

पॉन्टियाकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरिअन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस जी यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. पॉन्टियाकच्या ३२६ घनइंची आणि ३८९ घनइंची इंजिनांचे बाहेरचे माप एकच होते. ज्या पायांवर लहान इंजिन बसते त्याच पायांवर मोठेही बसणार. वेगळी चौकट नको, वेगळा साचा नको. उरला तो नियम. तो नव्या मॉडेलला लागू होता; मॉडेलवर घ्यायच्या जादा जोडणीबद्दल त्यात काही म्हटले नव्हते. म्हणून जीटीओ हे मॉडेल न करता जोडणी केली गेली. विभागप्रमुख पीट एस्टेस यांनी जोखीम पत्करली. विक्रीप्रमुखांनी पाच हजारांवर गाड्या खपणार नाहीत असा हिशेब धरला होता. खपल्या त्याच्या सहापटींहून अधिक. पुढच्या वर्षी हा आकडा ७५,३५२ वर गेला आणि १९६६ मध्ये ९६,९४६ वर.

संशोधकाच्या दृष्टीने या हकिकतीतला महत्त्वाचा भाग हा, की ज्या दोन गोष्टींमुळे जीटीओ जन्मली त्याच दोन गोष्टींमुळे तिची ओळख पटवणे अवघड झाले. जोडणी म्हणून विकली, म्हणून नंबरात नाव नाही. इंजिनांचे बाहेरचे माप एक, म्हणून इंजिन बदलणे सोपे. वरिष्ठांपासून जे लपवायचे होते ते पुढच्या पिढ्यांपासूनही लपले.

नंबर बोलतो, आणि गप्पही राहतो

आज जगभर गाडीचा चासी नंबर सतरा अंकाक्षरांचा असतो. अमेरिकेत ही पद्धत १९८१ च्या मॉडेलांपासून सक्तीची झाली. त्याआधी प्रत्येक कंपनीची रीत निराळी, आणि तीही दरवर्षी बदलणारी.

१९६४ च्या पॉन्टियाकचा नंबर ‘८२४पी’ असा सुरू होत असेल तर त्याचा अर्थ असा : ८ म्हणजे आठ सिलिंडर, २ म्हणजे ल मान्स मालिका, ४ म्हणजे १९६४, आणि ‘पी’ म्हणजे मिशिगन राज्यातल्या पॉन्टियाक गावचा कारखाना. पुढे अनुक्रमांक. आठ सिलिंडरची साधी ल मान्स आणि जीटीओ या दोघींचा नंबर इथपर्यंत सारखाच. १९६५ मध्ये रचना बदलली, पण जीटीओचे नाव तेव्हाही आले नाही. १९६६ साली ती स्वतंत्र मालिका झाली आणि नंबर ‘२४२’ने सुरू होऊ लागला. तिथून पुढे निदान हा एक प्रश्न नंबरापुरता मिटतो.

फोर्डची पद्धत अधिक बोलकी होती. ‘५एफ०८एफ१००००१’ हा नंबर पाहा. ५ म्हणजे १९६५ हे मॉडेल-वर्ष, पहिला ‘एफ’ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०८ म्हणजे मस्टँग कन्व्हर्टिबल, दुसरा ‘एफ’ म्हणजे २६० घनइंची व्ही-८ इंजिन, आणि शेवटी अनुक्रमांक. इंजिन कोणते ते नंबरातच लिहिलेले. एखाद्या मस्टँगच्या नंबरात इंजिनाच्या जागी ‘के’ असेल तर ती २७१ अश्वशक्तीच्या २८९ इंजिनाची गाडी. हे अक्षर बिल्ला लावून आणता येत नाही.

तरी इथेही सावध राहावे लागते. मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जाहीर झाली. लोक आरंभीच्या गाड्यांना ‘साडेचौसष्ट’च्या गाड्या म्हणतात, पण नंबरात सगळ्यांचे वर्ष ५ म्हणजे १९६५ असेच आहे. अमेरिकेत मॉडेल-वर्ष आदल्या शरद ऋतूत सुरू होते, हे न कळल्याने पुष्कळ घोळ होतात. १९६३ च्या नोव्हेंबरात निघालेली गाडी १९६४ ची असते; त्यात खोटेपणा काही नाही. दुसरे असे, की १००००१ हा अनुक्रमांक पहिला असला तरी नंबर ज्या क्रमाने दिले गेले त्याच क्रमाने गाड्या जुळणीच्या पट्ट्यावरून उतरत नसत. म्हणून नंबरावरून जन्मतारीख काढायला जाऊ नये. १००००१ ची ती पांढरी गाडी प्रदर्शनासाठी कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला गेली असताना तिथल्या एका वैमानिकाने चक्क विकत घेतली. पुढे दहा लाखावी मस्टँग निघाली तेव्हा कंपनीने ती त्याच्याकडून परत मिळवली. आज ती हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

पत्र्याची पट्टी आणि लोखंडावरची तारीख

नंबर जिथे थांबतो तिथून पुढचे वाचन सुरू होते. जनरल मोटर्सच्या गाड्यांचा सांगाडा फिशर बॉडी हा विभाग बनवत असे. तो सांगाडा तयार झाला की इंजिनाच्या कप्प्यात, मागच्या पत्र्यावर एक छोटी पट्टी रिव्हेटने बसवत. तिच्यावर सांगाड्याचा प्रकार, आतल्या गादीचा संकेत, रंगाचा संकेत आणि तारीख असते. १९६४ च्या ल मान्ससाठी २२२७ म्हणजे कूपे, २२३७ म्हणजे हार्डटॉप, २२६७ म्हणजे कन्व्हर्टिबल. तारखेत ‘०१सी’ असेल तर जानेवारीचा तिसरा आठवडा : महिना आकड्यात, आठवडा अक्षरात. पट्टीवर सांगाड्याचा स्वतःचा अनुक्रमांकही असतो. तो चासी नंबराशी जुळत नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण दोन विभागांची दोन रजिस्टरे होती.

मग येते इंजिन. इथे माझ्या नोकरीतला अनुभव उपयोगी पडतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वाळूच्या साच्यात ब्लॉक ओतताना पॅटर्नवर त्या भागाचा कायमचा नंबर असतो. तो प्रत्येक तुकड्यावर उठून दिसतो. शेजारी तारखेचा एक सुटा तुकडा बसवलेला असतो. तो रोज बदलतात. १९६४ च्या जीटीओच्या ब्लॉकवर ९७७३१५५ हा नंबर येतो. तारखेत पहिले अक्षर महिन्याचे : ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असे. नंतर दिवस आणि शेवटी वर्षाचा फक्त शेवटचा अंक. ‘सी १५४’ म्हणजे १५ मार्च १९६४. वर्षाचा एकच अंक असल्याने हीच खूण १९७४ चीही असू शकते. म्हणून तारीख एकटी कधी वाचायची नाही, ब्लॉकच्या नंबरासोबतच वाचायची.

ओतीव अक्षरे उठावाची असतात. ती पुसून नवी करणे फार कठीण. पण इंजिनाच्या प्रकाराचा संकेत मात्र यंत्रावर तासलेल्या सपाट जागेवर नंतर पंच केलेला असतो. १९६४ मध्ये ‘७८एक्स’ म्हणजे चार नळ्यांचा एक कार्ब्युरेटर आणि हाताचा गियर असलेले ३८९. ‘७६एक्स’ म्हणजे हाताचा गियर आणि तीन कार्ब्युरेटर, ज्याला ‘ट्राय-पॉवर’ म्हणत. पहिल्याची शक्ती ३२५ अश्वशक्ती, दुसऱ्याची ३४८. पंच केलेली अक्षरे घासून नवी ठोकता येतात, आणि बनवेगिरी होते ती इथेच. कारखान्यातल्या तासणीने पृष्ठभागावर बारीक समांतर रेषा उमटतात. ग्राइंडर फिरला की त्या नाहीशा होतात. जागा गुळगुळीत दिसली, किंवा अक्षरे वाजवीपेक्षा सरळ रांगेत दिसली, की तपासनीसाने तिथे थांबावे.

या सगळ्यांतून निघणारा नियम साधा आहे. बाळ आईच्या आधी जन्मत नाही. ब्लॉक ओतला, मग त्यावर काम झाले, मग इंजिन जुळले, मग ते गाडीत बसले. म्हणून ओतकामाची तारीख गाडीच्या तारखेच्या आधीची हवी, काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी. ती नंतरची निघाली तर ते इंजिन त्या गाडीबरोबर जन्मलेले नाही. यावर वाद घालायला जागा उरत नाही.

कागद कुठे उरले

लोखंड एवढेच सांगते की काय जुळत नाही. गाडी मुळात काय होती हे सांगायला कागदच लागतो. आणि कागदांच्या बाबतीत कंपनीकंपनीत जमीनअस्मानाचा फरक आहे.

पॉन्टियाकच्या बाबतीत नशीब चांगले. १९६१ च्या मॉडेलांपासूनच्या तिच्या बिलांच्या नोंदी टिकल्या आणि त्या ‘पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस’ या संस्थेकडे आहेत. चासी नंबर कळवून शुल्क भरले की त्या गाडीच्या मूळ नोंदीची प्रत मिळते : कोणत्या विक्रेत्याला गेली, तिच्यावर कोणत्या जोडण्या होत्या, किंमत किती लागली. जीटीओ जोडणीचा संकेत त्या नोंदीत असेल तर गाडी जीटीओ. नसेल तर नाही. नंबराने जे लपवले ते बिलाने सांगितले, कारण २९५ डॉलर वसूल तर करायचे होतेच. कारखाना वरिष्ठांपासून लपवू शकतो, हिशेबनिसापासून नाही.

फोर्डचे १९६७ पासूनचे उत्पादनाचे तपशील मार्टी ऑटो वर्क्स या संस्थेकडे फोर्डच्या परवान्याने आहेत. १९६४ ते १९६६ च्या, म्हणजे नेमक्या आरंभीच्या मस्टँगसाठी तसा संच नाही. तिथे नंबरातले अक्षर आणि दारावरची पट्टी यांवरच भिस्त ठेवावी लागते. क्रायस्लरचे उलटे : १९६७ पर्यंतच्या गाड्यांची छिद्रपत्रे कंपनीच्या ऐतिहासिक विभागाकडे राहिली, त्यानंतरची नाहीत. शेव्हरलेच्या अमेरिकेत विकलेल्या गाड्यांच्या एकेका नंबराच्या नोंदी उरलेल्या नाहीत. पण कॅनडात विकलेल्या गाड्यांच्या नोंदी जनरल मोटर्सच्या कॅनडातल्या शाखेने जपल्या. त्यामुळे एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन बहिणींपैकी सीमेपलीकडे गेलेलीचा जन्मदाखला मिळतो, घरी राहिलेलीचा मिळत नाही.

जिथे दप्तर नाही तिथे गाडीच्या पोटातले कागद शोधतात. जुळणीच्या पट्ट्यावर कामगारांना सूचना देणारा एक तक्ता गाडीबरोबर फिरत असे. काम झाले की तो टाकून देत, किंवा जिथल्या तिथे राहून जाई. म्हणून तो आजही कधी सीटच्या स्प्रिंगांत, कधी पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला सापडतो. तेलकट, उंदरांनी कुरतडलेला, पण वाचता येण्याजोगा. याशिवाय १९५८ च्या कायद्याने प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा तपशीलवार कागद लावणे सक्तीचे झाले. सिनेटर मनरोनी यांच्या नावाने तो ओळखला जातो. कुणा पहिल्या मालकाने तो विम्याच्या कागदांत घडी घालून ठेवलेला असला, तर त्याच्याइतका बोलका साक्षीदार नाही.

बिल्ल्यावरचा आकडा

कारखान्याचा शिक्का असला की आकडा खरा, असे समजणेही चूक आहे. पॉन्टियाकच्या १९६३ च्या ज्या इंजिनाला ३२६ म्हणत त्याचे खरे माप ३३६ घनइंच होते. १९६४ मध्ये ३३० ची मर्यादा पाळण्यासाठी ते खरोखर ३२६ केले गेले. ब्युइकने १९६५ मध्ये ‘ग्रान स्पोर्ट’ काढली तेव्हा मर्यादा ४०० वर आली होती आणि ब्युइकचे इंजिन होते ४०१ चे. ब्युइकने त्याला ४०० म्हणून टाकले. ओल्ड्समोबिलच्या ४-४-२ या नावाचा अर्थ १९६४ मध्ये चार नळ्यांचा कार्ब्युरेटर, चार गियर, दोन एक्झॉस्ट असा होता. पुढच्या वर्षी इंजिन ४०० घनइंचांचे झाले आणि पहिल्या चाराचा अर्थही बदलला. बिल्ला तोच राहिला.

सगळ्यांत बोधप्रद गोष्ट मार्च १९६४ च्या ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाची. त्या अंकात पॉन्टियाक जीटीओची तुलना इटलीच्या फेरारी जीटीओशी केली होती आणि शून्य ते ताशी साठ मैल ४.६ सेकंदांत, असा आकडा छापला होता. त्या लेखाने गाडीचे नाव घरोघरी गेले. पॉन्टियाकच्या जाहिरातीमागचे डोके असलेल्या जिम वँगर्स यांनी काही दशकांनंतर सांगितले, की चाचणीच्या त्या गाडीत ३८९ नव्हे तर ४२१ घनइंची इंजिन बसवले होते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसत. ज्या युक्तीने आजचा लबाड विक्रेता ल मान्सची जीटीओ करतो, तीच युक्ती जीटीओच्या पहिल्या कीर्तीमागेही होती. छापील आकडा समकालीन असला तरी तपासून घ्यावा, हा धडा मी तिथे शिकलो.

एक तपास

माझा भाचा मिशिगनमध्ये नोकरी करतो. चार वर्षांपूर्वी त्याने मला एका काळ्या १९६४ च्या जीटीओ हार्डटॉपची छायाचित्रे पाठवली. विकणारे गृहस्थ सत्तरीपुढचे. त्यांनी ती वीस वर्षांपूर्वी जीटीओ म्हणूनच घेतली होती आणि निगुतीने सांभाळली होती. भाच्याने घरासाठी साठवलेल्या पैशांतला काही भाग बाजूला काढायचे जवळजवळ ठरवले होते.

चासी नंबर ‘८२४पी’ने सुरू होणारा : काहीच सिद्ध होत नाही, काहीच खोडले जात नाही. पट्टीवर २२३७ आणि ‘०१सी’ : हार्डटॉप, जानेवारीचा तिसरा आठवडा. रंगाचा संकेत ए, म्हणजे मूळ काळाच. इंजिनावर ‘७८एक्स’, पृष्ठभागावरच्या रेषा शाबूत, ब्लॉकचा नंबर ९७७३१५५. म्हणजे इंजिन खरोखरीच १९६४ च्या जीटीओचे. मी त्याला डिस्ट्रिब्युटरजवळची तारीख पुसून, बाजूने उजेड टाकून पुन्हा फोटो काढायला सांगितले. फोटो आला : ‘सी १०४’. १० मार्च १९६४. सांगाडा तयार झाल्यानंतर सात आठवड्यांनी ओतलेला ब्लॉक.

इंजिन त्या गाडीचे नव्हते एवढे ठरले. पण गाडी जीटीओ नव्हती हे अजून ठरले नव्हते. मूळ इंजिन निकामी होऊन दुसऱ्या जीटीओचे बसवलेले असू शकते. म्हणून बिलाची नोंद मागवली. तीत ल मान्स हार्डटॉप, ३२६ इंजिन आणि स्वयंचलित गियर होते. जीटीओचा संकेत नव्हता.

भाच्याचा फोन आला. म्हणाला, “मामा, पैसे वाचले ते ठीक आहे. पण या आजोबांना मी सांगू कसं? ते गाडीबद्दल बोलतात ते घरातल्या माणसाबद्दल बोलल्यासारखं.”

मी म्हटले, “तू निकाल सांगू नकोस. कागद त्यांच्या हातात दे आणि त्यांना वाचू दे. आणि इंजिन अस्सल आहे हेही आठवणीने सांग.”

त्यांनी कागद वाचला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की आपण ज्याच्याकडून घेतली तो आता हयात नाही, आणि त्यालाही कदाचित ठाऊक नसेल. भाच्याने गाडी घेतली नाही. महिन्याभराने त्या गृहस्थांनी नवी जाहिरात दिली, तीत ‘१९६४ ची ल मान्स, जीटीओचे इंजिन बसवलेली’ असे लिहिले होते आणि बिलाच्या प्रतीचे छायाचित्र जोडले होते. किंमत अर्थातच उतरली होती.

नोंदीचे मोल

दुर्मीळ गाड्यांच्या बाबतीत हे सगळे शतपटीने वाढते. १९६५ च्या शेव्हेल झेड-१६ फक्त २०१ निघाल्या, त्यांत एकच कन्व्हर्टिबल. १९६९ च्या झेडएल-१ कमॅरो ६९. अशा गाड्यांत एक खोटी मिसळली तर एका माणसाचे पैसे जातात, शिवाय इतिहासातला एक आकडाही बिघडतो. म्हणूनच खऱ्या अभ्यासकांचे नक्कल केलेल्या गाडीशी वैर नसते. नक्कल नक्कल म्हणून सांगितली तर ती कुणाच्या तरी हातच्या कौशल्याचा नमुनाच असते. वैर असते ते नोंद पुसण्याशी.

जीटीओ ही तीन अक्षरे पॉन्टियाकने फेरारीकडून उचलली. इटालियन भाषेत त्यांतले शेवटचे अक्षर ‘मान्यताप्राप्त’ या अर्थाचे आहे. शर्यतीच्या नियमाप्रमाणे किमान शंभर गाड्या बांधल्या की ती मान्यता मिळायची. फेरारीच्या त्या गाड्या प्रत्यक्षात चाळीसपेक्षाही कमी निघाल्या. म्हणजे हे नाव जन्मले तेच उत्पादनाच्या एका न जुळणाऱ्या आकड्यातून.

प्लिमथ हे नाव २००१ मध्ये बंद झाले, ओल्ड्समोबिल २००४ मध्ये, पॉन्टियाक २०१० मध्ये. ज्यांनी या गाड्या जुळवल्या ते कामगार आता फार थोडे उरले आहेत. उरली आहेत ती ओतीव अक्षरे, पत्र्याच्या पट्ट्या आणि मायक्रोफिल्मवरची बिले. त्या बिलांच्या कारकुनांना आपण इतिहास लिहितो आहोत असे एकदाही वाटले नसेल. दिवसाचा हिशेब जुळवून घरी जायचे, एवढेच त्यांच्या मनात असणार. फौंड्रीच्या तपासणी रजिस्टरात सही करताना माझ्याही मनात तेवढेच असे. साठ वर्षांनी कुणी अनोळखी माणूस आपली नोंद उघडून एखाद्या वस्तूचे खरे नाव वाचेल, या कल्पनेने आता ते काम वेगळे दिसते. नोंद करणाऱ्याने तारीख नीट घालावी. वाचणारा कधी ना कधी येतो.